लाल भिडू, निळा भिडू

केयूर, तू फक्त ऐक. मधे तोंड घालू नकोस, नाहीतर मला परत सांगायला जमणार नाही. पप्पांच्या डोक्याला टाके पडलेत ना? सगळ्यांना सांगितलंय, माळ्यावरून सामान पडलं. खोटं आहे. ते सामान मी घातलं त्यांच्या डोक्यात. मी. ह्या हातांनी.

थांब, नीट सांगतो.

बोरिवलीची आजीची खोली. बिल्डिंग पाडणार म्हणून रिकामी करायची होती. आजी गेल्या वर्षी गेली. पप्पा आणि बाळाकाका, दोघांनी भांडी वाटली, कपाट वाटलं, आजीच्या बांगड्या वाटल्या, एक शब्द नाही रे! अडलं कशावर? कम्प्युटरवर. हसू नकोस. आत्ताचा नाही, त्यांच्या शाळेच्या वेळचा. नुसता जाडा कीबोर्ड, सगळी मशीन त्याच्याच पोटात. टीव्हीला जोडायचा, आणि गेम कॅसेटवर. गाण्यांची असायची ना, तीच कॅसेट. दुबईच्या मामांनी आणलेला, दोघांत एक. तिथेच वाट लागली बघ.

आजी दर दसऱ्याला त्याची पूजा करायची. शिलाई मशीन, कोयता, विळी आणि हा. हळद, कुंकू, वर अक्षता. पोरं ह्याच्यावर शिकून नोकरीला लागली म्हणून. कडेला अजून पिवळे-लाल डाग आहेत.

पप्पा म्हणे, मी मोठा, माझा. काका म्हणे, बिघडला की उघडून जोडायचं कोण? मी. शेवटी ठरलं, त्याच्यावरच खेळायचं, जिंकेल तो नेईल. पन्नाशी उलटलेली माणसं, यार! मला एकदम झकास वाटलं. रविवारी दुपारी मी वेफर्स घेऊन गेलो. वेफर्स!

गेम काय, तर पुलावर दोन भिडू, चौकोनी चौकोनी, हातात काठ्या. हाणून हाणून दुसऱ्याला नदीत पाडायचं. एकाच कीबोर्डवर दोघांची बोटं, खांद्याला खांदा. काका डावीकडे, लाल. पप्पा उजवीकडे, निळे. लहानपणापासून तसंच.

गेम चढवायला कॅसेट घालून टेप सुरू केला. तो आवाज, आई शप्पथ! मांजराच्या शेपटीवर पाय ठेवून उचललाच नाही, तसा. किर्रर्र, टीऽऽ. मी खिडकी-दार सगळं लावून घेतलं, शेजारचे ओरडतील म्हणून. आणि हे दोघं डोळे मिटून ऐकतायत! पप्पा हळूच म्हणाले, "बाळ्या, आता शिटी येईल." आली. काका हसला. पप्पांना काकाशी असं मऊ बोलताना मी जन्मात बघितलं नव्हतं.

पहिला डाव काका. दुसरा पप्पा. तिसऱ्यात पप्पा पुढे होते रे, लाल भिडू पुलाच्या टोकाला लटकत होता, आणि एकदम निळा थांबला. नुसता उभा. पप्पा बटण दाबतायत, ठोकतायत.

"थांब बाळ्या, माझं बटण अडकलंय!"

"तुझं बटण नेहमीच अडकतं, अण्णा."

काका थांबला नाही. धाड, धाड, धाड. निळा भिडू नदीत.

पप्पा काकाकडे वळले. "काल मशीन तुझ्याकडे होती."

"पुसली फक्त. उलटी करून धूळ झाडली."

"उघडलीस तू. माजा बटन कित्याक चलणा नाय? चोर खयचो!"

मालवणी सुरू झाली ना, तेव्हाच मी उठायला हवं होतं. पप्पांची मूठ काकाच्या तोंडावर बसली, कचकन. दात वेफर्समधे पडला, खरंच. काकाने टेप उचलला आणि पप्पांच्या कानावर हाणला. कान फाटला. रक्त सगळं शर्टावर. मी मधे घुसलो तर पप्पांचं कोपर माझ्या नाकावर, डोळ्यांपुढे अंधार. डोळे उघडले तर काका जमिनीवर, पप्पा त्याच्या छातीवर, आणि टेपची वायर काकाच्या गळ्याभोवती.

"तुका आज जितो सोडूचंय नाय!"

मी केस ओढले. चावलो त्यांना, केयूर, खांद्यावर. हलले नाहीत. काकाच्या टाचा फरशीवर टकटक वाजत होत्या. लाल भिडू खरोखरचा निळा पडत चालला होता. ओरडलो, पण दार बंद. खोली रिकामी, हाताला काहीच नाही. फक्त ती मशीन.

पहिल्या फटक्याने वायर सुटली नाही. दुसरा कोपऱ्याने दिला. कडाक् झालं. पप्पा आडवे, आणि मशीन मधोमध फुटली.

तिच्यातून तांदूळ पडले. गुलाबी, हळकुंडासारखे पिवळे, काळे पडलेले. किती दसरे साचले होते कुणास ठाऊक. पप्पांच्या बटणाखाली एक दाणा घट्ट रुतून बसला होता.

पप्पांनी डोळ्यातलं रक्त पुसलं, नखाने तो दाणा काढला. "बाळ्या," म्हणाले, "आईच्या अक्षता." काका खोकत खोकत रांगत आला, त्यांच्या तळहातावर वाकून बघितलं. मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. काकाला आवाज नव्हता, तरी म्हणाला, "फोडलीस?"

आता रोज संध्याकाळी काका आमच्याकडे येतो. पप्पा तुकडे धरतात, काका चिकटवतो. एकाच्या डोक्याला पट्टी, दुसऱ्याच्या गळ्यावर काळा वळ. हसतात, जुनं जुनं बोलतात. माझ्याशी एक अक्षर नाही. काल मी पाणी द्यायला गेलो तर काका म्हणाला, "जरा थांबला असतास ना प्रांजल, तर अण्णाने सोडलं असतं मला."

मी पप्पांकडे बघितलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

मी त्यांचा तेव्हाचा चेहरा बघितलाय रे. ते सोडणार नव्हते. बोल ना, तू काय केलं असतंस?