सतरा नंबरच्या बाटलीची जागा

ती गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका कॅन्टीनचा फ्रीज दुरुस्त करत त्याच्यामागे आडवा पडलो होतो. तिच्या संस्थेतून फोन आला. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती, तिथेच मान टाकली. मी "बरं" म्हणालो आणि फ्रीजचा मागचा पत्रा नीट बसवूनच निघालो. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही.

माझी बायको माश्यांची शास्त्रज्ञ होती. घरात घोंघावतात त्या नव्हेत. खाडीच्या चिखलावर, खारफुटीच्या मुळांवर बसणाऱ्या, तिळाएवढ्या. तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी मी बाटल्यांची पिशवी घेऊन तिच्या मागे चाललो. "मिस्टर काय करतात?" असं कुणी विचारलं की ती सांगायची, "हमाली. पण मन लावून."

महिन्याभराने तिची सहकारी घरी आली.

"काका, मॅडमच्या शेवटच्या तीन बाटल्यांत एकच जात आहे. नवी आहे. कुणीच नोंदवलेली नाही."

"मग नोंदव की."

"जागा कुठली लिहू? ही वही बघा."

तारखेखाली तीन ओळी होत्या. पंधरा: ह्यांची चप्पल गेली. सोळा: हे खेकड्याला घाबरले. सतरा: इथे हे फार चांगले वागले.

यात चूक माझी होती. जागेचे आकडे दाखवणारं यंत्र त्याआधीच्या फेरीत पाण्यात पडलं. दुरुस्त करतो म्हणून मी ते उघडलं. परत बसवताना दोन स्क्रू उरले आणि यंत्र कायमचं गेलं. ती म्हणाली, "नवं येईपर्यंत तुम्हीच माझं यंत्र. कुठे काय झालं ते लक्षात ठेवा म्हणजे झालं."

रविवारी ओहोटीला ती सहकारी आणि मी खाडीवर गेलो. चप्पल गेली ते वळण मी लगेच दाखवलं. खेकड्याची जागाही सापडली.

"घाबरलो नव्हतो मी. जरा मागे सरकलो होतो."

"वहीत घाबरले लिहिलंय, काका. पुरावा पुरावा असतो."

पण त्या दोन्ही बाटल्यांत माद्याच होत्या. या माश्यांत नराच्या पोटाचं टोक तपासल्याशिवाय जात पक्की होत नाही, आणि एकुलता एक नर सतरा नंबरच्या बाटलीत होता. नोंदीत जागा त्याचीच लागणार.

"आठवा ना. कधी चांगले वागलात?"

"मी तर रोजच वागायचो."

"मॅडमना तसं वाटत नसणार. अख्ख्या वहीत एकदाच लिहिलंय."

मला हसू आलं. ती गेल्यावर पहिल्यांदाच.

त्या बाटल्या भरल्या त्या दिवशी ती आणि मी पाच तास चाललो होतो, एवढं आठवतं. मी तिला पाणी दिलं असेल. चिखलात रुतलेला पाय ओढून काढला असेल. पण ते नेहमीचंच. तिने लिहून ठेवावं असं काय केलं, ते माझ्या लक्षातच राहिलं नाही. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं तिने.

"नुसतं खाडीचं नाव टाकू का? अंदाजाने?"

"नको. जागा नसलेली माशी म्हणजे नुसती मेलेली माशी, असं ती म्हणायची. पुढे कुणाला ती शोधायची झाली तर त्याने जायचं कुठे?"

तेव्हापासून दर सुट्टीला मी एकटाच जातो. माझ्या हातून काही बरं घडलं असेल असं वाटतं तिथे थांबतो. जाळी बसवलेली नळी तोंडात धरून माश्या नळीत ओढतो, बाटलीत स्पिरिट घालतो, पेन्सिलीने चिठ्ठी लिहून आत टाकतो. शाई स्पिरिटमध्ये उतरते. सोमवारी सहकारी बघते आणि फोन करते, "नाही हो काका, ही जुनीच, आधी नोंदलेली."

अकरा बाटल्या झाल्या. नव्या जातीवरचा शोधनिबंध लिहून तयार आहे, माशीला द्यायचं नावही ठरलं आहे. जागेची ओळ कोरी आहे. खाडीचा उत्तरेकडचा काठ, साधारण दोन तासांची चाल, अजून बघायचा राहिला आहे.