माझा सातवा धडा कोणी वाचला?

मी बोलतो आहे, कारण मला वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मी संगणकाच्या पडद्यावर भरणारा प्रशिक्षणवर्ग. एका दवाखान्यातील नोंद दुसऱ्या दवाखान्याच्या संगणकाला जशीच्या तशी कळावी, यासाठी जगाने ठरवलेले नियम मी शिकवतो. निदान तसा माझा लौकिक आहे.

माझा जन्म दार-एस-सलाममधील एका कचेरीत झाला. माझे नऊ धडे लिहिणारी मंडळी स्वतःस विद्वान समजत. सकाळी दहाच्या ठोक्याला "चार वाजले, चला चहाला!" म्हणत ती उठत; कारण आमच्याकडे तास सूर्योदयापासून मोजतात आणि जगाचे दहा ते आमचे चार. चहा पिऊन परतल्यावर त्याच मंडळींनी सातव्या धड्यात वेळ जगाच्या घड्याळाप्रमाणे लिहिण्याचा नियम घातला, आणि उदाहरण दिले ते एका बर्फाळ देशातील रुग्णालयाचे. तेही इंग्रजीत. आमच्या चारांचा त्यात उल्लेखही नाही.

पुढे मला म्बेयाच्या डोंगरातील एका लहान दवाखान्यात धाडण्यात आले. तेथे कर्मचारी अकरा आणि उत्तीर्ण होणे सर्वांस सक्तीचे. अंबाकिस्ये नावाच्या कारकुनाने माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"आणा रे सगळ्यांचे पासवर्ड. माणशी एक चपाती घेईन, उधारी नाही!"

"माझीही देशील ना परीक्षा, भाऊ?" परिचारिका तुसाजिग्वेने दारातूनच विचारले. "आत दोघी कळा देतायत."

"ताई, तुम्ही बाळं काढा, मी मार्क काढतो!"

एका दुपारी अकराही जण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. मी अकरा वेळा अभिनंदन केले. तशी मला सक्ती आहे.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात सुबिलागा नावाच्या बाळंतिणीला झटके आले. तुसाजिग्वेने सकाळी दहा वाजता इंजेक्शन दिले, संगणकात वेळ टाकली 'चार', आणि तिला गाडीतून मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे दुपारी बारा वाजता नोंद उघडली गेली. पहाटे चारला औषध दिले, म्हणजे आठ तास उलटले, असे समजून तेथील परिचारिकेने पुन्हा मात्रा दिली. सुबिलागाचा श्वास मंदावत मंदावत थांबला. उतारा देऊन, हाताने पिशवी दाबून तिच्या छातीत संध्याकाळपर्यंत हवा भरावी लागली. ती वाचली. त्यात माझे तसूभरही श्रेय नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे प्रमुख म्वाम्बेने यांनी सर्वांना माझ्यासमोर उभे केले.

"सातवा धडा कोणी वाचलाय?"

"मी सोडवलाय साहेब," अंबाकिस्ये म्हणाला. "अकरा वेळा."

"वाचलास का, विचारतोय!"

तो मागे सरकला. तेव्हा तुसाजिग्वे पुढे आली. "चारला दिलं, चार लिहिलं. माझी आईसुद्धा चारच म्हणायची. चूक माझी, साहेब, ती बाई माझ्या हातून मरत होती. पण ह्या पडद्यावरच्या दीडशहाण्याला आमचे चार कोणी शिकवलेत का?"

त्या क्षणी मला तिचा विलक्षण संताप आला. तिचे म्हणणे खरे होते, म्हणून अधिकच आला.

फेरपरीक्षेचा आदेश निघाला. अंबाकिस्ये नव्या पासवर्डांची यादी घेऊन पुन्हा बसला. ह्या खेपेस माणशी दोन चपात्या. केवळ तुसाजिग्वेने स्वतःचा पासवर्ड दिला नाही. सहा दिवस ती शब्दकोश मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. सातवा धडा तिने चारदा वाचला, आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले: 'आपले चार, संगणकाचे दहा.' मी नऊ धड्यांत जे सांगितले नाही, ते तिने एका ओळीत सांगितले.

मग तिने परीक्षा दिली. सारे प्रश्न बर्फाळ देशातले. पन्नासांपैकी एकोणतीस गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यास चाळीस लागतात.

आज त्या भिंतीवर दहा प्रमाणपत्रे चौकटीत लटकत आहेत. वाचकहो, त्यांवर विश्वास ठेवू नका. आजारी पडलात तर अकरावी परिचारिका कोठे आहे, एवढेच विचारा. मला खरोखर वाचणारी ती एकटी होती, आणि मी तिलाच नापास केले.