गाडीत न बसलेला डावा बूट

मी डावा बूट बोलतोय. काळा, एकसंध रबराचा, ना लेस, ना शिवण. दुकानात मला काचेच्या कपाटात कुणी मांडलं नव्हतं. खताच्या पिशव्यांशेजारी पोत्यात कोंबलं होतं. त्याची मला लाज वाटत नाही. ज्यांना माझी लाज वाटली, त्यांची गोष्ट पुढे येईलच.

माझा जन्म साच्यातला. गरम रबर दाबलं, साचा उघडला, झालो मी तयार. त्याच दिवशी माझ्यासारखे हजारभर जन्मले आणि सगळ्यांचा चेहरामोहरा एकच. तळाला गोट्या, म्हणजे चिखलात पाय घसरत नाही. ज्या झाडांच्या चिकापासून आम्ही झालो, ती झाडं पहाटे कोरायला जाणाऱ्यांच्या पायांत आम्ही राबतो. शर्यतीसाठी आम्हाला कुणी घडवलेलं नाही, हे मीच आधी सांगून टाकतो.

मला आणि माझ्या जोडीदाराला, उजव्याला, सलिपाहनं घेतलं. कुआला क्राई शहराजवळच्या, रबराच्या मळ्यांतल्या गावात ती राहते. वय एक्कावन्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पाय सहा नंबरचा. गावात सगळे तिला मेक पाह, म्हणजे पाहमावशी, म्हणतात. रोज चारशे झाडांना सुरी लावायची, वाट्या मांडायच्या, मग पुन्हा फिरून चीक गोळा करायचा. चिकाचे थेंब आमच्यावर पडायचे आणि वाळून पांढरे व्हायचे. माझ्या नाकावर तीन ठिपके होते, उजव्याच्या टाचेवर एक लांबट डाग. गावातल्या सुराऊच्या, म्हणजे नमाजघराच्या पायरीवर आमच्यासारखे वीस जोड पडलेले असत. पण प्रत्येकीला आपले डाग पाठ. बोलता बोलता पाय घालायच्या, कधी चूक झाली नाही.

एका शुक्रवारी चहाच्या टपरीवर पाक सू देरामाननं अर्धमॅरेथॉनचं पत्रक मोठ्यानं वाचलं. हा तिच्या नवऱ्याचा धाकटा काका, म्हणून पाक सू. जीभ सैल, मनानं वाईट नाही.

"एकवीस किलोमीटर! मेक पाह, जातेस का? मागून गाडी असते म्हणे, रखडलेल्यांना उचलून आणायला. तुझी जागा धरायला सांगतो."

टपरी हसली. सलिपाह हसली नाही. का, ते मला ठाऊक आहे, कारण पुराच्या वर्षी मी तिच्या पायात होतो. पाणी जोत्यापर्यंत आलं आणि टेकडीकडे पळताना हिचा दम संपला. दोघा माणसांनी हिला बगलेत धरून पोत्यासारखं होडीत टाकलं. माणसं भली होती, जीव वाचवला. पण टेकडीवर बसलेल्या सगळ्या गावानं ते पाहिलं, आणि ती गोष्ट हिच्या मनात काट्यासारखी राहिली.

"पाक सू," ती म्हणाली, "त्या गाडीत मी बसले, तर वर्षभर तुमची कॉफी मी गाळीन."

"आणि नाही बसलीस तर?"

"तर माझी तुम्ही गाळायची. सगळ्यांसमोर."

आता ऐका, नवशिक्या माणसाचं पळणं कसं असतं ते. पहिल्या दिवशी ती गोळा केलेला चीक विकून मोकळी झाली आणि मळ्यातल्या वाटेनं धावत सुटली. पाचव्या झाडाशी थांबली आणि झाडालाच धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सहावं झाड. झाडांच्या ओळीच तिनं मोजमापाला घेतल्या: आज दोन ओळी, उद्या अडीच. पाऊस पडला की चीक काढता येत नाही, बाकीच्या बायका घरी हात बांधून बसून राहायच्या, आणि ही पावसात पळायची. रोजाच्या महिन्यात उपास सोडायच्या आधीचा तास तिनं धरला होता. घसा कोरडा, समोर खजूर आणि सरबताची आशा. मी आतून घामानं भिजायचो. काढल्यावर ती मला उलटा करून आपटायची, तेव्हा पाणीच पडायचं.

टपरीवरून जाताना रोज कुणीतरी टोमणा मारी. "गाडीला सांगून ठेवलंय हो," इतकाच. ती तेवढ्या टप्प्यात जरा जोरात पळे. पुढच्या वळणावर मग धापा टाकत चाले. हे गुपित तिचं, माझं आणि उजव्याचं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कोता भारूहून लेक आली, नोरसुहाना. कचेरीत काम करते, नखं रंगवते. तिनं आईसाठी गुलाबी बूट आणले होते. सलिपाहनं घालून अंगणात चार चकरा मारल्या आणि काढून ठेवले. म्हणाली, यात पाय कुठे आहे तेच कळत नाही. लेकीचं तोंड उतरलं.

"मा, फोटो निघतात तिथे. निदान हे धू तरी. मळ्यातून उठून आल्यासारखी दिसशील."

"मळ्यातूनच उठून येणार आहे मी."

पण लेकीचं मन मोडवेना. नोरसुहानानं आम्हाला रॉकेलनं पुसलं, काथ्यानं घासलं. माझे तीन ठिपके गेले, उजव्याचा डाग गेला. आम्ही काळेभोर झालो, साच्यातून नुकते निघाल्यासारखे. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण बुटाला कोण विचारतं.

साडेपाचला शर्यत सुटली. तिसऱ्या किलोमीटरपाशी बांग झाली आणि रस्त्याकडेच्या सुराऊत धावणारे भराभर वळले. फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज सोडून कुणी पळत नाही आमच्याकडे. नमाज पढायची आणि पुन्हा रस्त्याला लागायचं. बायकांच्या पायरीवर अंधूक उजेड, साठेक जोड अस्ताव्यस्त. आणि त्यांत रबरी बूट घातलेली आणखीही कुणीतरी होती, कारण माझ्या शेजारी हुबेहूब आमच्यासारखा जोड येऊन पडला.

ती बाई आधी बाहेर आली. घाईत आपला डावा घातला आणि उजवा म्हणून माझा उजवा उचलला. मी ओरडलो असतो, पण तोंड कुठे आहे मला? तो गेला. माझ्याशेजारी एक परका उजवा उरला, पाच नंबरचा.

सलिपाहनं पाय घातला आणि तिच्या लक्षात आलं. तिनं सगळी पायरी धुंडाळली. डाग असते तर एका नजरेत कळलं असतं, कदाचित त्या बाईलाही. दहा मिनिटं गेली. सगळे पांगले. शेवटी तिनं दात आवळून तो पाच नंबरचा पायावर चढवला आणि निघाली.

चौदाव्या किलोमीटरपर्यंत त्यानं तिचा अंगठा खाल्ला. त्याचा दोष नाही, तोही आपल्या जोडीदारापासून तुटलेलाच. तिथे ती पुलाच्या कठड्यावर बसली, बूट काढला. मोजा लाल झाला होता. मला वाटलं, संपलं. गाडी मागून येऊन थांबली, दार उघडलं, आतून थंड हवा आली. आत चारपाच जण पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावून निवांत बसले होते. मदतनीस खरोखर मायेनं म्हणाला, "या, मेक. पायाला औषध लावू. एवढं केलंत तेच खूप आहे."

ती त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. मी तिच्या डाव्या पायाची बोटं आवळताना अनुभवली. भरून आलं होतं तिला, हे मी शपथेवर सांगतो.

मग ती उठली. "गाडी जरा मागे घे रे," म्हणाली, "धूर लागतोय."

उरलेले सात किलोमीटर ती एका पायात मी आणि एका पायात नुसता मोजा अशी पळाली, चालली, लंगडली, पुन्हा पळाली. परका बूट तिनं हातात धरला होता. फेकून दे, असं रस्त्यावरच्या एका पोलिसानं सुचवलं. तिनं सांगितलं, दुसऱ्याची वस्तू आहे. अंतराचे आकडे येत गेले आणि माझ्या तळाच्या गोट्या डांबरावर झिजत गेल्या. गाडी मागून हळूहळू येतच होती. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.

नऊला वेळ संपायची होती. ती पोचली तेव्हा नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. घड्याळ उतरवलं होतं, शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढत होते, पदकांची खोकी बंद. अर्धी पडलेली ती कमान तिनं वाकून पार केली. नोरसुहाना धावत आली, आईच्या पायाकडे बघितलं, आणि सगळ्या गर्दीसमोर खाली बसून तो रक्ताळलेला मोजा तिनं आपल्या ओढणीनं पुसला. रंगवलेली नखं लाल झाली तरी तिला चालली.

खोक्यांपाशी एक बाई उभी होती. माचांग गावची शिक्षिका, रोस्नानी नाव. तिच्या हातात माझा उजवा होता. घरी न जाता थांबली होती बिचारी, येणाऱ्या प्रत्येकीचे पाय बघत. काय झालं ते कळल्यावर रडकुंडीला आली आणि गळ्यातलं पदक काढून पुढे केलं.

"घ्या, काक," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली. "हे तुमचंच आहे. माझ्यामुळे हुकलं."

सलिपाहनं तिचा पाच नंबरचा तिच्या हातात ठेवला. "पदक तू धावून मिळवलंस, तुझ्यापाशी ठेव. मला माझा बूट दे."

त्या दिवसापासून पाक सू देरामान रोज सकाळी तिची कॉफी गाळतो. सगळ्यांसमोर. पहिले काही दिवस पदकाविना कसली शर्यत म्हणून कुरकुरला. तिनं फक्त विचारलं, गाडीत होते का मी? तेव्हापासून कुरकुर थांबली. साखर कमी घालतो, तेवढाच त्याचा सूड.

माझी टाच आता चिरली आहे. आमच्या गावात जुन्या रबराच्या पट्ट्या कापून चूल पेटवतात, आणि माझ्याकडे तशा नजरेनं बघणारे आहेत. त्यांना माझं एकच सांगणं आहे: थांबा. माझ्या नाकावर पुन्हा तीन ठिपके पडलेत, उजव्याच्या टाचेवर नवा डाग आलाय, आणि पुढच्या शर्यतीत सलिपाहचं नाव पुन्हा घातलंय. या खेपेला आम्हाला कुणी धुणार नाही. लेकीनंच तसं बजावलंय.