तीन कोनशिलांचं कलम

धामणवाडीच्या बाजारपटांगणातल्या तिन्ही कोनशिलांना बाजाराच्या दिवशी सकाळी कोंब फुटले. पहिलीतून एक पायरी वर आली, दुसरीतून भाजीचा ओटा, आणि तिसरीच्या कडेनं निळ्या फरश्या निघाल्या, ओल्या आणि मऊ. नगरपरिषदेची अभियंता कल्पलता इंगोले उकिडवी बसली आणि तिनं पायरी दाबून पाहिली. पायरीवर तिचं बोट उमटलं.

तसं नवल करण्यासारखं काही नव्हतं. धामणवाडीत नवा नगराध्यक्ष आला की आधीच्याचं काम पुढं नेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. मग तो त्याच पटांगणात नवा नारळ फोडायचा. असं करत तिथं नाट्यगृहाची शिळा लागली, मग मंडईची, मग पोहण्याच्या तलावाची. बांधलं कुणीच काही नाही. नाट्यगृहाच्या शिळेवर लोक विळे परजत, मंडईच्या शिळेशी बकरी बांधत आणि तलावाच्या शिळेवर पापड वाळवत. इतकं नारळपाणी जमिनीत मुरल्यावर कधीतरी ते वर येणारच होतं.

मुख्याधिकारी हिवाळे साहेब दहा पावलं लांब उभे राहिले.

"एकच ठेवा, बाकीचे उपटा," ते म्हणाले. "तीन तिगाडा, काम बिगाडा."

"कोणता ठेवू?"

"ते तुम्ही ठरवा. माझं नाव मध्ये आणू नका."

तोवर गाव जमलं होतं. नाटकवाले, भाजीवाल्या, पोहणारे, सगळे आपापल्या कोंबाभोवती कडं करून उभे. मेथी विकणाऱ्या वच्छलाबाई तायडे तेवढ्या निवांत होत्या. "आमाले सावली पायजे," त्या म्हणाल्या. "मंग थे नाटकाची असो का भाजीची."

कल्पलताचे वडील संत्र्याच्या बागेत कलमं बांधायचे. तिनं पर्समधून ब्लेड काढलं. पायरीचा एक कोवळा डोळा अलगद सोलून घेतला, ओट्याला खाच पाडली आणि त्यात बसवला. निळी फरशी वाकवून वरून लपेटली आणि सगळ्याला मिळून सुतळी बांधली.

"काय करून राहिल्या वो मॅडम?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"डोळा भरते."

"लागंल?"

"संत्र्याला लागतो."

कलम लागलं. एका बुंध्यावर तिन्ही कामं वाढू लागली आणि गावात कधी न घडलेली गोष्ट घडली. एरवी बांधकाम खात्यानं रस्ता केला की महिन्याभरात पाणीपुरवठा खातं तो खोदायचं, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. आता दोन्ही खात्यांचे लोक सकाळी एकत्र चहा पिऊन पटांगणात यायचे. पाणीपुरवठ्याचे लोक झारीनं पाणी घालत, वीजवाले मांडवावर वेल चढवावा तशा वायरी चढवत. ठेकेदारानं विचारलं, सिमेंट किती टाकू? कल्पलता म्हणाली, शेणखत टाका. त्यानं शेणखत टाकलं, तेही चांगल्या प्रतीचं. ठेकेदाराकडून अशी अपेक्षा तिनं ठेवलेली नव्हती, म्हणून ती हसत सुटली.

इमारत झपाट्यानं भरली. प्रेक्षागृहात खुर्च्यांच्या ओळी आल्या, त्यात दर खुर्चीआड एक भाजीचा ओटा. रंगमंचाखाली तलाव साचला. पोहणारे मध्येच रंगमंचावरच्या झाकणातून डोकं काढायचे, कोथिंबिरीचा भाव विचारायचे आणि पुन्हा बुडी मारायचे. एक दिवस इमारतीनं नगरपरिषदेचं कार्यालयही आत घेतलं. हिवाळे साहेब तिकीट खिडकीत बसून सह्या करू लागले आणि कुरकुर करता करता रुळले. राहिला होता फक्त पडदा. रंगमंचाच्या वर एक मोठी लाल कळी लोंबत होती, घट्ट मिटलेली. कल्पलता रोज तिच्याखाली उभी राहायची.

आणि नेमकी तेव्हाच तिची बदली झाली.

हे तिच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. काम ती उभं करायची, ते संपत आलं की बदली व्हायची आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन दुसराच कुणी फीत कापायचा. करंजवाडीच्या नदीवर तिनं अर्धा पूल बांधला होता. तो अजून तसाच होता म्हणे, संध्याकाळी लोक त्याच्या टोकावर वारा खायला जात. आपल्या हातचं एकही काम पुरं झालेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बाकी कशाचं तिला वाईट वाटायचं नाही, पण ह्याचं फार वाटायचं.

"नवे साहेब फाटकाशी आलेत," हिवाळे खिडकीतून म्हणाले. "चार्ज देऊन टाका."

"कळी उमलेपर्यंत थांबू?"

"शासनाच्या आदेशात कळी नाही."

तिनं किल्ल्यांचा जुडगा घेतला, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडं निघाली. डोळे भरून आले होते. फाटक समोरच दिसत होतं आणि नवे साहेब नव्या बुटांत उभे होते. ती चालली तसा फाटकाकडं जाणारा बोळ लांबला. बोळाच्या दोन्ही अंगांना ताजे खुर्च्यांचे कोंब येत होते. कुठंतरी पहिली घंटा झाली.

"मॅडम, चार्ज?" नवे साहेब म्हणाले.

"आलेच."

ती आणखी चालली. फाटक तेवढ्याच अंतरावर राहिलं, पण भिंती जवळ आल्या, खुर्च्या जवळ आल्या आणि बोळ वळून पुन्हा प्रेक्षागृहातच निघाला. सगळं गाव येऊन बसलं होतं. पाणीपुरवठा आणि बांधकाम एकाच ओळीत, मध्ये शेंगदाण्याची पुडी. दुसरी घंटा झाली.

"इकडं या वो मॅडम!" वच्छलाबाई पहिल्या रांगेतून ओरडल्या. एसटीत रुमाल टाकावा तशी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर मेथीची जुडी टाकून ठेवली होती. "तुमची जागा धरली हाय. कवाची कोणाले बसू देऊन नाई राहिली मी."

"मला चार्ज द्यायचाय."

"द्या ना मंग. आंदी बसा."

कल्पलता बसली. जुडी मांडीवर घेतली. खुर्चीचे हात तिच्या कोपरांभोवती जरासे वळले, बेताबेतानं, दुखणार नाही असे. नवे साहेब अजून फाटकातच होते आणि त्यांच्या हातातही आता कुणीतरी शेंगदाणे दिले होते.

तिसरी घंटा झाली. वरची कळी तडकली आणि लाल पाकळ्या दोन्ही बाजूंना सरकत गेल्या.

रंगमंचावर नदी होती, आणि नदीपलीकडून करंजवाडीचा पूल येत होता. तिनं बांधलेला अर्धा भाग तिनं लगेच ओळखला, कठड्याचा तिरका गज तिचाच होता. उरलेला अर्धा कोवळा होता आणि तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता. करंजवाडीची माणसं वारा खात त्याच्यासोबत पुढं सरकत होती आणि हात हलवत होती. पूल रंगमंचाची कड ओलांडून खाली उतरला, पहिल्या रांगेशी आला आणि तिच्या पायांपासून एका पावलावर थांबला.

"मॅडम, चार्ज?" मागून आवाज आला.

कल्पलतानं किल्ल्यांचा जुडगा मेथीवर ठेवला, चपला काढल्या आणि पाऊल उचललं.