फडताळ इचरजबाईंचं, खोली रखमाजीची

रखमाजीनं जालन्यात खोली घेतली, तेव्हा घरमालकीण इचरजबाईंनी दोन अटी घातल्या. पहिली, घरात कांदा-लसूण आणायचा नाही. दुसरी, खोली रखमाजीची, पण भिंतीतलं फडताळ इचरजबाईंचं. त्या भिंतीला बारा महिने गारवा असायचा, म्हणून त्यांच्या लोणच्याच्या बरण्या तिथंच राहणार.

रखमाजीची बायको सगुणा तेव्हाच म्हणाली होती, "आवो, फडताळ त्यांचं म्हंजे वाटबी त्यांचीच झाली की."

रखमाजी हसला होता. तो मोंढ्यात माल तोलायचं काम करायचा, दिवसभर घरी नसायचा. त्याला काय ठाऊक! इचरजबाई कधीही दार ढकलून आत यायच्या. सगुणा जेवत असो, केस विंचरत असो, की जरा पाठ टेकून पडलेली असो. एका बरणीचं झाकण फुटलं तर त्याचा आळसुद्धा सगुणावरच आला. दाराला आतून कडी नव्हती, आणि बसवू म्हटलं तर इचरजबाई म्हणाल्या, "माझं फडताळ कोंडून घेतोस का?"

मग सगुणा तापानं गेली. त्याला आता आठ महिने झाले होते.

भाऊ म्हणाला, हसनाबादला परत ये. भावजय दुर्गाबाईनं तर एक स्थळही काढून ठेवलं होतं. रखमाजी म्हणाला, मोंढ्यातलं काम सुटत नाही. काम सुटण्यासारखं होतं. सुटत नव्हती ती खोली. रोज संध्याकाळी तो भाकरी थापायचा, दोन ताटं वाढायचा, आणि दिवसभरात काय काय झालं ते सगुणाला सांगायचा. मोठ्यानं सांगायचा. मनातल्या मनात बोललं तर तिला ऐकू जातं की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

एवढ्यात कुणी दार ढकललं तर? माणूस कामातून गेला असं लोक म्हणतील. भाऊ बैलगाडी घेऊन येईल, आणि महिन्याभरात दुर्गाबाई आपल्याला बाशिंग बांधून उभं करील, हे त्याला पक्कं माहीत होतं.

शेवटी हिय्या करून तो इचरजबाईंकडं गेला.

"सेठाणीबाई, एक अर्ज व्हता. आत यायच्या आधी जरा वर्दी देत जा. हाक मारा, न्हाईतर भायेरची कडी वाजवा."

"वर्दी? कुणाला?"

"मला."

"मी काय तुझ्याकडं येते का? मी माझ्या फडताळाकडं येते. आता फडताळाला वर्दी देऊ?"

मोंढ्यात त्याच्या जोडीला काम करणारा कडूबा म्हणाला, "वकिलाकडून नोटीस धाड."

"नोटीस मालक भाडेकरूला देतो, कडूबा. भाडेकरूनं मालकाला दिल्याचं कुठं ऐकलंस?"

"निजामाचं राज गेलं की आता."

"राज गेलं. सेठाणी हाय तिथंच हाय."

मग त्यानं आपली आपणच वाट काढली. इचरजबाई दिवस मावळायच्या आत जेवून जैनांच्या स्थानकात सामायिकाला जायच्या. सामायिक म्हणजे दोन घटका एका जागी बसायचं, उठायचं नाही, वायफळ बोलायचं नाही. समोर वाळूचं घड्याळ. तेवढ्या दोन घटका जगात कुणी रखमाजीचं दार ढकलणार नव्हतं. तेवढ्यात तो स्वयंपाक करायचा, ज्वारीच्या कणगीतून दोन कांदे काढायचा, बुक्कीनं फोडायचा आणि बोलायला बसायचा. कांद्याची टरफलं सकाळी खिशातून मोंढ्यात जायची.

एके दिवशी इचरजबाईंचा गुडघा धरला. त्या स्थानकात गेल्या नाहीत. घरीच, भिंतीला पाठ लावून त्यांनी सामायिक धरलं. रखमाजीला याचा पत्ता नव्हता. भिंत तीच होती, फडताळाची.

"सगुणा, आज काय झालं म्हाईतंय का?" त्यानं सुरू केलं. "कडूबा तराजूच्या पारड्यात बसला. पोत्यापेक्षा बी जड भरला गं. माल घ्यायला आल्ता त्यो म्हणतो, ह्यालाच द्या, ह्याच्यात किडं तरी न्हाईत. हासू नको गं मोठ्यानं. आन् हा घे, तुला मोठा कांदा ठिवलाय. खा बिनघोर. म्हातारी स्थानकात गेलीया."

पलीकडं इचरजबाईंना सगळं ऐकू येत होतं. खोलीत बाई, तीही कांदा खाणारी, आणि वर आपल्याला म्हातारी म्हणतात! पण सामायिक धरलेलं. उठता येईना, ओरडता येईना. वाळू इतकी सावकाश पडते हे त्यांना जन्मात पहिल्यांदाच कळलं, असं त्यांनी पुढं स्वतःच रखमाजीला सांगितलं.

वाळूचा शेवटचा कण पडला. सामायिक पुरं झालं. दार धाडकन उघडलं.

"कुठाय ती?"

"क... कोण?"

"कांदा खाणारी!"

त्यांनी दारामागं पाहिलं. खाटेखाली कंदील धरला. कणगीत हात घातला, तर तीन कांदे हाती आले. ते त्यांनी विंचू टाकावा तसे टाकले. शेवटी काही सुचेना, तेव्हा स्वतःचं फडताळ उघडून पाहिलं. आत बरण्याच होत्या.

मग त्यांची नजर खाली गेली. ताटं दोन, फोडलेले कांदे दोन, माणूस एकच.

"कोणाशी बोलून राह्यला व्हतास?"

कडूबा आल्ता असं सांगावं, हे रखमाजीच्या तोंडावर आलं होतं. पण कडूबाला कुणी 'हासू नको गं' म्हणतं का?

"सगुणाशी," तो म्हणाला. "ती न्हाई, म्हाईतंय मला. पर ताट वाढतो."

इचरजबाई गुडघा धरून उंबऱ्यावर बसल्या. त्यांना विधवा होऊन वीस वर्षं झाली होती.

"रोज?"

"रोज."

"उत्तर देते?"

"आधीबी माझं संपल्याबिगर ती बोलायची न्हाई. माझं अजून संपलं न्हाई."

इचरजबाईंनी मान हलवली. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "मंग मी दुपारी येते, तवाबी ती हितंच असते?"

"जाती कुठं?"

"अरे देवा! आठ महिने मी ह्या फडताळात डोकं घालून तिच्या नावानं बोटं मोडून राह्यले! फूहड काय, गबाळी काय, झाकणफोडी काय! तिला सांग, मनावर घेऊ नको म्हणावं."

"तुमीच सांगा."

इचरजबाईंनी पदर सारखा केला. संवत्सरीला सगळ्या जैनांनी एकमेकांची माफी मागायची असते, तसे त्यांनी त्या ताटापुढं हात जोडले. कांद्याचा वास येऊ नये म्हणून तोंड तेवढं फिरवलं.

"मिच्छामि दुक्कडं, सगुणा. झाकण तू फोडलं नव्हतंस. मीच फोडलं व्हतं."

"मला ठाऊक व्हतं," रखमाजी म्हणाला. "तिनं सांगितलं व्हतं."

"तू मधी बोलू नको."

त्या जायला निघाल्या तेव्हा रखमाजीनं विचारलं, "सेठाणीबाई, हे हसनाबादला कळलं तर मला घिऊन जातील. कुणाला सांगाल का?"

"काय सांगू? स्थानकात जाऊन सांगू, की माझ्या घरात कांदे निघाले? बिलकुल न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रखमाजीचा पहिला घास तोंडात होता, तेव्हा बाहेरची कडी वाजली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"सगुणा, येऊ का गं?" बाहेरून इचरजबाईंचा आवाज आला. "उद्याला थोडं लोणचं काढायचं व्हतं."

रखमाजी ताटाकडं पाहत राहिला. विचारलं होतं तिला, त्याला नाही. त्यानं घास गिळला.

"ती म्हणती, जेवण व्हऊ द्या."

"बराबर हाय. व्हऊ दे, व्हऊ दे."

मालकीण रिकामी वाटी घेऊन, रस्त्याकडं तोंड करून दाराबाहेर उभी राहिली. रखमाजीनं दुसरा कांदा फोडला आणि आवाज जरा खाली आणला.

"तर सगुणा, कडूबाचं काल अर्धंच सांगितलं व्हतं..."

"मोठ्यानं बोल रे," बाहेरून आवाज आला. "तिला ऐकू जायला पायजे."