कोऱ्या कापडातल्या कथा

लूमवरून नुकत्याच उतरलेल्या कोऱ्या कापडाला खळीचा एक दमट, भाताच्या पेजेसारखा वास असतो. तो आला की मला शालिनीताई दिसतात. निजामपुऱ्याच्या यंत्रमाग-वस्तीतली त्यांची बाहेरची खोली, रविवारचं तिरपं ऊन, उन्हात तरंगणारा कापसाचा भुरा आणि त्यात पुस्तकांना कव्हरं शिवत बसलेली ती प्रसन्न मूर्ती. लूमांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांची कुजबुजही चौकापर्यंत ऐकू जाई.

शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना वेड कथांचं; कादंबरीला त्या सरळ 'लांबण' म्हणत. मोठ्या प्रकाशकाचा देखणा संग्रह आणि जवळच्याच पडघा गावच्या मिलिंदने पदरमोड करून काढलेले पातळ कथा-अंक, दोन्ही त्या हौसेने विकत घेत. पातळ अंक दोन-तीन एकत्र शिवत, आणि प्रत्येकाला सारखंच कोरं कापड गुंडाळून प्रकाशकाचं नाव-गाव असलेली पानं टाके घालून बंद करत. दर रविवारी जमणाऱ्या आम्ही कथा वाचून मत द्यायचं, मगच टाका उसवायचा, हा तिथला कायदा. "मोठे प्रकाशक हवेतच गं, त्यांच्यामुळे कथा दुकानात पोचते. पण नवा लिहिणारा आधी छोट्याचंच दार वाजवतो ना?" असं त्या मला बजावत.

एका रविवारी मिलिंद आला तो पडेल चेहऱ्याने. दिवसभर गोदामात ड्युटी करून अंक काढणारा हा हसरा माणूस दारातच म्हणाला, "ताई, आता बंद करतो. वाचनारा कोनी न्हाय." ताई मात्र एवढंच म्हणाल्या, "बस. चहा घे."

समोर देशपांडे सर वाचत होते. मोठ्या नावाशिवाय पुस्तकाला हात न लावणारे हे मुख्याध्यापक केवळ ताईंच्या धाकाने कोरं कव्हर उघडत. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "वा! काय कथा निवडलीय! हा नक्की पुण्याचा बडा प्रकाशक. तुझ्यासारख्यांनी शिकावं रे, मिलिंद."

पुस्तकात डोकावलेल्या मिलिंदचे कान लालबुंद झाले. ताईंनी कात्री पुढे केली. "उसवा, सर."

टाके सुटले. पानावर मिलिंदचं नाव होतं, खाली पडघा. सरांनी पान डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं. मग सरच खो खो हसत सुटले आणि त्यांनी मिलिंदच्या पाठीत धपाटा घातला. "अरे चोरा! पुढचा अंक कधी?"

"दिवाळीला, सर," मिलिंद बोलून गेला, आणि मग स्वतःच दचकला. ताई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला.

ताईंना जाऊन वर्ष झालं. मिलिंदचा अंक निघतोच आहे; कव्हरं आता मी शिवते, वाकडीतिकडी. माणूस जातं, खुर्ची रिकामी होते, खळीचा वासही धुण्यागणिक विरत जातो. पण मत सांगून झाल्यावर कात्रीसाठी आपोआप हात पुढे होतो, आणि ती आता कुणी द्यायची या विचाराने खोली जेवढा वेळ थांबते, तेवढा वेळ ताई आमच्यात बसलेल्या असतात.