तीनशे ग्रॅम जास्तीचे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आरोग्य केंद्रातला, तान्ह्या बाळांचा. कारखान्यातून आलो तेव्हा ग्रॅमभरही इकडचा तिकडे होत नव्हतो. माझ्या थंडगार परडीत किती बाळांनी भोकाड पसरलं आणि किती जणांनी मला ओलं केलं, ते विचारूच नका. मी कधी कुरकुर केली नाही.

पुढे माझी स्प्रिंग थकली. रिकामा असताना माझी सुई शून्यावरच असे, पण बाळ ठेवलं की मी तीनशे ग्रॅम जास्त दाखवू लागलो. मोठ्या सिस्टरना ते ठाऊक होतं. त्या मनातल्या मनात तीनशे वजा करूनच कार्डावर लिहायच्या, त्यामुळे माझी अब्रू झाकलेली राहिली.

मग सरकारने केंद्र एका खासगी संस्थेकडे चालवायला दिलं. इमारत आणि मी सरकारचे, माणसं संस्थेची. औषधं वेळेवर येऊ लागली, रांग भराभर सरकू लागली. नावं ठेवायला जागा नव्हती. मोठ्या सिस्टरची मात्र बदली झाली. सामानाच्या यादीत माझ्यापुढे 'चालू स्थितीत' एवढंच लिहिलं होतं.

नव्या सिस्टरने एका बाळाला परडीत ठेवलं. "छान, महिन्यात तीनशे ग्रॅम वाढलाय."

आई जागची हलली नाही. "कसला वाढतोय? धड दूधही ओढत नाही. माझ्या हाताला तर तसाच लागतो."

"काटा खोटं बोलेल का, ताई?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण सिस्टर गुणाची. आईचा चेहरा बघून तिने चहाच्या कपाटातला साखरेचा न फोडलेला किलोचा पुडा आणला आणि माझ्यावर ठेवला. मी एक किलो तीनशे दाखवले. तिने लगेच मोठ्या सिस्टरना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अगं बाई, तेवढं सांगायचंच राहिलं बघ."

सिस्टरने कार्डावरचा आकडा खोडला. "वाढला नाही, ताई. तुमचंच बरोबर होतं. चला, आत्ताच डॉक्टरांना दाखवू." मग आपण आल्यापासूनची सगळी कार्डं काढून ती एकेका आईला निरोप धाडत बसली.

माझ्या दुरुस्तीचं घोडं अजून अडलेलंच आहे. संस्था म्हणते, काटा सरकारचा. सरकारी कचेरी म्हणते, वापरतात ते. सिस्टर दोन्हीकडे फोन करते आणि दर बाळामागे तीनशे वजा करते. मित्रांनो, मी कुणाचा ते सावकाश ठरवा, पण आधी मला दुरुस्त करा. उद्या या सिस्टरचीही बदली होईल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी आपलं बाळ माझ्या परडीत ठेवील.